तिचे गुडघे जुळेपर्यंत

फोन आला तेव्हा मी सीवूड्सच्या घरी गवार मोडत बसले होते. वहिनींचा नंबर दिसला, रविवारी जेवायला या म्हणत असतील असं समजून उचलला. पलीकडून "मंदाताई, तुमचा भाऊ..." एवढंच आलं. पुढचं शेजारणीने सांगितलं. दामूदादा, माझा एकुलता एक भाऊ, घणसोली गावातल्या त्याच्या घरी चहा पिता पिता गेला. हृदयाचं दुखणं होतंच, डॉक्टरांनी कल्पनाही दिली होती, तरी अशा वेळी आपण बेसावधच असतो. काही आठवडे झाले आता. त्याच्याविषयी लिहायचं तर एका घोडीविषयी लिहावं लागणार, आणि घोड्यांशी माझं कधी पटलं नाही. पण इलाज नाही.

आमची भातशेती होती तेव्हा वडील पेंढा विकायचे. पुढे जमिनी गेल्या, भोवती टॉवर उभे राहिले, तरी दादाने तो धंदा सोडला नाही. पनवेलच्या आतल्या गावांतून गवत-पेंढा घ्यायचा आणि महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर तबेल्यांत पोचवायचा. टेम्पो रिकामा झाला की बाकीचे परत फिरत, हा घोडे बघत उभा राही. आई म्हणायची, याला घोडं लागलंय, कुणाकडून तरी उतरवून घ्या! ते काही उतरलं नाही. गावठाणात इमारत बांधून भाडं सुरू झालं तेव्हा भावकीतल्या इतरांनी गाड्या घेतल्या, याने शर्यतीच्या घोड्यांत भागीदारी घेतली. पैज मात्र कधी लावली नाही. कुठल्या आईबापांचं शिंगरू कसं निघेल, याचा अंदाज बांधण्यातच त्याचा जीव रमायचा. नात्यातली लग्नं जुळवणाऱ्या आमच्या आत्याला जेवढी घराणी पाठ नव्हती, तेवढी याला घोड्यांची होती.

दोन वर्षांपूर्वी तो मला आग्रहाने पुण्यापलीकडच्या एका स्टड फार्मवर घेऊन गेला. आमचे चुलतभाऊ कैलास आणि जनू, म्हणजे त्याचे भागीदार, बरोबर होते. तिथे एक वर्षभराची तपकिरी फिली बघायची होती. कोवळ्या घोडीला फिली म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. कैलास-जनू तिच्या बापावर खूश होते. बाप नावाजलेला, कमी अंतराच्या शर्यती झटक्यात मारणारा. दादा म्हणाला, "बाप सगलेच बगतान. तिची आयस बगा." ती आई पहिली दोन वर्षं कुठेच दिसली नव्हती. मग अंगाने भरली आणि लांब पल्ल्याच्या शर्यती जिंकत गेली. मावश्याही तशाच, सावकाश तयार झालेल्या. दादाने फिलीच्या खांद्याचा उतार पाहिला, पायांवरून खालपर्यंत हात फिरवला, छाती मागून-पुढून न्याहाळली आणि तिला धरून उभ्या असलेल्या मोतद्दाराला म्हणाला, "चालवा." मग पुन्हा, "परत चालवा." वर आम्हाला सांगतो कसा, "ही पलाली तं पलाली, नाय तं हिच्या पोरी पलतीन. घरानं चांगला हाय."

माझं डोकंच फिरलं. मला बघायला आलेल्या मंडळींनी भर ओटीवर असंच चालायला लावलं होतं, वर हेच म्हणाले होते, घराणं चांगलं आहे. मी त्याला तिथेच फटकारलं, "आम्हाला पण असंच चालवलं होतं रे तुम्ही!" कैलास हसला. दादा हसला नाही. येताना चहाला थांबलो तेव्हा ते दोघे गाडीपाशी होते. दादा कपाकडे बघत म्हणाला, "बाय, तुजा कॉलेजचा पयला वर्स चालू होता. मोटा भाव होतू मी. थांबा बोलाया पायजे होता... गप बसलू." इतक्या वर्षांत हा विषय त्याने कधी काढला नव्हता. बी.कॉम. मी पुढे मुलं शाळेत जायला लागल्यावर बाहेरून केलं, पतपेढीत नोकरी केली, संसारही नेटका झाला. तरी त्या चहाच्या टपरीवर मला रडू आलं. चिडून म्हणाले, "म्हणून मला घोडीच्या पंगतीला बसवलंस होय?"

फिली घेतली. यंदाच्या हिवाळ्यात ती पळण्याच्या वयाची झाली. ट्रेनरची हरकत नव्हती, बापाचा वेगही तिच्यात दिसू लागला होता. पण एक्स-रेमध्ये गुडघ्यांची हाडं पुरती जुळलेली नव्हती. घोड्यांचे डॉक्टर म्हणाले, पळवली तर कदाचित निभावेल, कदाचित कायमची अधू होईल. दादाने सांगून टाकलं, यंदा नाही. कैलास काकुळतीला आला, "दादा, तुजी तब्येत अशी. पुडचा सीझन कोनी बगितलाय? एकदा तरी बग तिला पलताना." दादा म्हणाला, "मना बगायचा हाय म्हनून तिचे पाय मोडू?" विषय संपला. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता. आता वाटतं, त्याच्याही वाट्याला ते सुख यायला हवं होतं. ती घोडी पळताना बघायची त्याला किती ओढ होती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

दहाव्याला कावळा शिवेना. वाशीच्या खाडीकाठी सगळे ताटकळलो. मुलांची नावं घेऊन झाली, वहिनींना सांभाळू म्हणून झालं. कावळे समोर बसलेले, पण पिंडाकडे ढुंकून बघेनात. मग कैलास पुढे झाला, हात जोडले, "दादा, तुजी घोडी याच सीझनला पलवतू. तुज्या नावान." आणि कावळा शिवला! भावकीने सुस्कारा सोडला. कैलास तर ढसाढसा रडला. त्याचं प्रेम खोटं नव्हतं, हे मी आजही सांगेन.

तेराव्यानंतर तो आणि जनू दादाच्या घरी आले. शर्यतीत नाव द्यायचं, तर दादाचा हिस्सा आता वहिनींचा, त्यांचा होकार हवा. कावळ्याला दिलेला शब्द मोडायचा कसा? मला बोलायचं होतं, पण त्या पिंडाच्या आठवणीने माझीही जीभ अडखळली. मी शिकलेली बाई, तरी मनात आलंच, खरंच त्याची हीच इच्छा अडकली असेल तर?... वहिनी खाली बघत होत्या. ज्या घोड्यांपायी नवरा अर्धा जन्म घराबाहेर राहिला, त्यांच्या जवळही त्या कधी गेल्या नव्हत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "भावजी, कावल्याला भूक लागली आसंल. ह्यांना मी वलखतंय. ती घोरी यंदा पलनार नाय."

कैलासने पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी म्हणाल्या, मला तिला बघायचंय. आम्ही दोघी महालक्ष्मीला गेलो. मोतद्दार फिलीला बाहेर घेऊन आला. अंगाने चांगली भरली होती. "चालवू?" त्याने विचारलं. "चालवा," वहिनी म्हणाल्या, "सावकास." ती चालत गेली, वळली, परत आली. पलीकडच्या ट्रॅकवर दुसऱ्या कुणाचे घोडे पळत होते, त्या आवाजाने तिने कान टवकारले. मोतद्दार म्हणाला, दादा आले की ती चालून गेल्यावर इथेच उकिडवे बसायचे आणि तिच्या पुढच्या-मागच्या खुरांच्या ठशांमधलं अंतर वितीने मोजायचे. दर वेळी थोडं वाढलेलं असायचं, मग स्वतःशीच हसायचे. मला ते ठसे जवळून बघायचे होते. मी पुढे पाऊल टाकलं, तोच वहिनींनी माझा दंड धरून मला मागे ओढलं.

"मंदाताई, थांबा," त्या म्हणाल्या. "ठशांवर पाय परंल."