गारोनचं पाणी आणि रवी सुर्वेची शिडी

“साहेब, मी कुंकू लावू की नको, तेवढं सांगा.”

सिंगापुरात हार्बरफ्रंटला आमचं ऑफिस, तिथे दुपारी हा फोन आला. पलीकडे शुभांगी सुर्वे, जयगडजवळच्या एका खाडीकाठच्या गावातून. तिचा नवरा रवी आमच्या जहाजावर खलाशी. जहाज फ्रान्समध्ये बोर्दोजवळ धक्क्याला बांधलेलं असताना तो ड्यूटीवरून नाहीसा झाला, त्याला पाच दिवस झाले होते. हेल्मेट जहाजाच्या शिडीखाली बांधलेल्या जाळीत मिळालं. माणूस मिळाला नाही.

कुंकवाबद्दल माझी मतं वेगळी आहेत. पण तिला मतं नको होती, उत्तर हवं होतं. मी म्हटलं, “वहिनी, दोन दिवस द्या मला.” मग तिच्या दिराने फोन घेतला. गावात कोणीतरी उठवलं होतं, की रवी पळाला, तिकडेच राहिला. तेव्हापासून वहिनी रात्री दाराला कडी लावू देत नाही, म्हणाला.

मी या कंपनीत मरीन सुपरिंटेंडेंट आहे. म्हणजे पूर्वी जहाजं चालवली, आता खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या जहाजांची काळजी करायची. ही गोष्ट २०१४च्या आसपासची, सप्टेंबरातली.

फ्रेंच पोलिसांनी आपला शोध थांबवला होता. कंपनीने दोन दिवसांसाठी एक खासगी बोट ठरवली. पहिला दिवस रिकामा गेला होता. बोट कुठे फिरली म्हणून मी आमच्या तिथल्या एजंटला, पास्कलला, फोन लावला.

“खाली, समुद्राच्या दिशेने,” तो म्हणाला. “तुमच्या ऑफिसचं तसं लेखी आलं होतं. मला वाटलं, तुम्हाला काही माहीत असेल.”

माहीत कोणाला काय असणार, कपाळ! आमचे डायरेक्टर मिस्टर लिम यांनी नकाशा उघडला, नदी समुद्राला मिळते हे पाहिलं आणि तिकडे बाण काढला. माणूस वाईट नव्हता. पण जन्म सिंगापुरात गेलेला, आणि इथल्या नदीच्या तोंडावर आता बांध आहे. तिला भरती नाही की ओहोटी नाही. मी तरी कुठला मोठा, पुण्याचा. आमची मुठा एकाच दिशेने वाहते, तीही मनात आलं तर. पण मी बोर्दोला दोनदा जहाज नेलं होतं.

ती नदी गारोन. स्पेनच्या डोंगरात उगम, मग तुलूझवरून बोर्दो, पुढे दुसरी एक नदी मिळते आणि दोघींची मिळून रुंद खाडी होते. बोर्दोपासून समुद्र शंभरेक किलोमीटर लांब. तरी भरतीचं पाणी शहर ओलांडून कितीतरी वर चढतं. उन्हाळ्याच्या शेवटी वरून पाणी कमी येतं, तेव्हा भरती जास्तच जोर करते. दुधाच्या चहासारखं गढूळ पाणी, आणि दिवसातून दोनदा उलटं वाहतं.

म्हणून रवी पडला तेव्हा पाणी चढत होतं की उतरत होतं, हे कळायला हवं होतं. पण तो कधी पडला हेच कोणाला ठाऊक नव्हतं. संध्याकाळच्या ड्यूटीत तो एकटा होता, आणि ओहोटी संपून भरती लागली ती नेमकी त्याच ड्यूटीत.

मी जहाजावर फोन लावून जोएलला बोलावलं. तो फिलिपिनो खलाशी, रवीच्या जागी ड्यूटीवर आलेला. त्याला एकच विचारलं, “तू आलास तेव्हा गँगवे कशी होती?”

गँगवे म्हणजे जहाजावरून धक्क्यावर उतरायची शिडी. भरतीने जहाज वर उचललं की ती उभी होते, ओहोटीने खाली बसलं की सपाट होते. ड्यूटीवरचा माणूस पाणी बघून ती सारखी जुळवत राहतो.

“सर, अगदी उभी. मला चढता येईना, आधी दोर सोडायला लागला. पोलिसांनी हे विचारलं नाही.”

“आणि जाळी?”

“जाळी ओहोटीच्या खालच्या पाण्याला जुळवून बांधलेली, नीट. ते रवीचंच काम.”

पाणी पार तळाला गेलं, तेव्हा रवीने शिडी आणि जाळी त्या पाण्याला जुळवली होती. म्हणजे ओहोटी संपेपर्यंत तो जिवंत होता. मग भरती लागली, जहाज वर आलं, आणि शिडी सैल करायला कोणी नव्हतं. रवी भरतीला पडला. पाण्याने त्याला वर, देशाच्या आत नेलं असणार. वाटेत कुठे अडकला असला, तर ओहोटी त्याला परत आणणार नव्हती.

लिमना सांगितलं. त्यांनी नकाशा पुन्हा पुढे ओढला.

“बोट वर पाठवून सापडला नाही, तर घरचे म्हणतील आपण उलट्या दिशेला शोधलं.”

“आणि खाली पाठवून सापडला नाही, तर ते आपले आभार मानतील का, सर?”

माझा आवाज चढला होता. त्यांनी बोट वर न्यायचा पास्कलला ईमेल मलाच लिहायला सांगितला, खाली नाव मात्र स्वतःचं घातलं. तेवढ्यासाठी मी त्यांना आजही मानतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी जाताना जुरोंग ईस्टच्या मेट्रो स्टेशनातून बाहेर पडत होतो, तेव्हा पास्कलचा फोन आला. शहराच्या वर, एका वळणावर, बांधून ठेवलेला जुना बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू पडाव, होता. त्याच्या आणि काठाच्या मध्ये रवी होता. अंगातल्या कामाच्या बॉयलर सूटवर नाव शिवलेलं.

स्टेशनाच्या पायऱ्यांशीच बसलो आणि जयगडला फोन लावला. ‘सापडला’ म्हणायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. त्या शब्दाला भलती आशा चिकटलेली असते.

“वहिनी, रवी गेला. त्याचा देह मिळाला. तो कुठे पळाला नव्हता, शेवटपर्यंत ड्यूटीवर होता.”

ती रडली नाही. “हे गावात सांगा, साहेब,” एवढंच म्हणाली. मी दिराला चार गावकरी बोलावून फोन स्पीकरवर टाकायला लावला आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं.

त्यानंतर माणूस पाण्यात पडल्याची बातमी आली की आमच्या ऑफिसात पहिला प्रश्न ‘पाणी चढतंय की उतरतंय’ हाच असतो. लिम स्वतः विचारतात. नकाशावर बाण काढायला पेन्सिल पुरते, पण त्याआधी तिथे उभ्या असलेल्या माणसाला एक फोन करावा.

रवीचं तेरावं झाल्यावर वहिनींचा फोन आला. आभार वगैरे झाले. ठेवता ठेवता म्हणाल्या, “साहेब, काल रात्री दाराला कडी लावली.”