बरंय म्हणेपर्यंत

एर्मिनियाने ओढ्याकाठचं एल्डरचं झाड बुंध्यापासून छाटलं, तेव्हा अख्ख्या गावाने तिला वेड्यात काढलं. पोरांना ताप आला की त्याच झाडाच्या फुलांचा काढा व्हायचा. शेजारची दोमितिला तर कमरेवर हात ठेवून थेट अंगणात येऊन उभी राहिली.

"काय गं, त्या झाडाने तुझं काय घोडं मारलं होतं?"

"बुंध्यापासून छाटलं की सरळ फोक फुटतात, मामा म्हणतो. धनुष्याला सरळ फोकच लागतो."

"मामा म्हणतो! मामाला स्वतःची चप्पल दिसत नाही आता. आणि तू कुठली गं धनुष्यवाली? शाळेतल्या पोरांचा घेवडा शिजवतेस, तो नीट शिजव आधी."

बोलणं झोंबलं, पण खोटं नव्हतं. एर्मिनिया बावन्न वर्षांची, हयात शाळेच्या स्वयंपाकघरात गेलेली. डोंगरातल्या कुमेयाय आदिवासींच्या चार गावांत एल्डरचं धनुष्य करणारा निकानोरमामा एकटाच उरला होता. भाचे खाली शहरात कारखान्यांत गेले, शिकायला कुणी फिरकलं नाही. मामा जाण्याआधी एक तरी धनुष्य त्याच्या हातात ठेवायचं आणि त्याच्या तोंडून 'बरंय' ऐकायचं, एवढंच तिने मनाशी धरलं होतं. तो गेला की विद्या गेली, हे तिला सहन होत नव्हतं.

झाड मेलं नाही. भराभर फोक आले. मामाने ते तीन वर्षं कापू दिले नाहीत. कोवळ्या फोकात नुसतं भेंड असतं, लाकूड नावालाच. तिसऱ्या हिवाळ्यात, रस खाली उतरल्यावर, तिने बुंध्याशी चिमूटभर तंबाखू ठेवली, झाडाला विचारलं आणि चार फोक कापले.

त्याच आठवड्यात मामाला खोकला लागला. रात्रभर खों खों. एर्मिनिया घाबरली, आणि घाबरलेलं माणूस करतं तेच तिने केलं. दोन फोक शेगडीपाशी वाळत घातले. आठ दिवसांत दोन्ही उभे तडकले. तिने ते सरपणात लपवले, पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? मामाला नीट दिसत नव्हतं, पण नाक शाबूत होतं.

"शेगडीला लावलंस ना एल्डर?"

"तुझं वय झालंय, मामा."

"माझं झालंय. लाकडाचं कुठं झालंय? सावलीत वर्ष काढू दे त्याला."

"आणि वर्षात तूच गेलास तर?"

"तर तिरडीवर ठेव माझ्या. पण वाळलेलं ठेव. ओलं ठेवलंस तर उठून बसेन!"

ते वर्ष तिला फार जड गेलं. मामा खोकला की ती आधी त्याच्याकडे बघायची आणि मग आढ्याला बांधलेल्या उरलेल्या दोन फोकांकडे. लाकडाचा तिला रागच यायचा. पण म्हातारा चिवट. डोळे पुरते गेले, खोकलाही गेला, तो मात्र राहिला.

मग तिने साल काढली. सालीखालची बाजू ही धनुष्याची पाठ, तिला चाकू लावायचा नाही. पोट, म्हणजे धरणाऱ्याकडची बाजू, तेवढं काचेच्या तुकड्याने खरवडायचं. एक फोक गाठीवर फसला. शेवटचा उरला. मामा तो गुडघ्यावर वाकवून बोटांनी चाचपायचा.

"इथं झोपलंय लाकूड, वाकत नाही. उठव त्याला."

तीनदा तिने पुन्हा खरवडलं. चौथ्यांदा मामाने घायपातीच्या वाखाची दोरी चढवली आणि छातीपर्यंत ओढली. लाकूड कुरकुरलं नाही.

"बरंय," मामा म्हणाला.

एर्मिनिया ढसाढसा रडली. "ठेव, तुझंच आहे ते."

"हट्! पहिलं केलेलं घरात ठेवतात का कुणी? देऊन टाक. ब्रीसाला दे."

ब्रीसा म्हणजे एर्मिनियाच्या बहिणीची लेक. तिच्या हातात काही टिकत नसे. मडकी, गाडीचा गिअर, दोन ठरलेली लग्नं.

"मोडून टाकेल ती, मामा!"

"म्हणून तर."

काळजावर दगड ठेवून तिने चार वर्षांचं कष्टाचं धन ब्रीसाच्या हवाली केलं. पोरगी रोज संध्याकाळी टेकडीवर वाळक्या भोपळ्यांवर बाण सोडत बसायची. आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी मान खाली घालून दारात आली, हातात दोन तुकडे.

"मावशी, ओरडू नकोस."

एर्मिनियाने ते तुकडे मामाच्या मांडीवर ठेवले. मामाने मोडलेल्या जागेवरून कितीतरी वेळ अंगठा फिरवला.

"हिचा दोष नाही. तुझाही नाही. ओढून ओढून दमलं बिचारं. माझं पहिलं तर दुसऱ्याच दिवशी मोडलं होतं."

ब्रीसाला धीर आला. "मग दुसरं कधी देतेस, मावशी? आत्ता कुठं माझा नेम लागायला लागलाय!"

धनुष्य आजवर एर्मिनियाकडे कुणी मागितलंच नव्हतं.

"ऐकलंस?" मामा बोळक्या तोंडाने हसला. "मी 'बरंय' म्हणून काय होतं? दुसरं मागायला माणूस दारात आलं. आता म्हण, शिकले."

"शिकले," एर्मिनिया म्हणाली.