रेघांची विहीर

आळेफाट्याला एसटी बदलताना गॅरेजातल्या डिझेलचा वास आला. वर पाहिलं, तर आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या सरांचा फ्लेक्स. डोक्याला फेटा, खाली 'संगणकमहर्षी'. मला कुत्सित हसू आलं.

ह्याच गॅरेजच्या वरच्या खोलीत मी वेब पेजवर कोड लिहून आकार काढायला शिकले. शिकले ती आपली आपण. सरांना गाइडातलं फळ्यावर उतरवण्यापलीकडे काही येत नव्हतं. एकदा पिंपरी पेंढारहून माझे वडील, आप्पा, क्लास बघायला आले. पोरीला पुढे शिकवायचं की नाही, ते ठरवायला. मी नुसत्या रेघांनी आमचं वावर काढलं होतं: लांबट चौकोन आणि आत, कोपऱ्याला, एक गोल.

आप्पा पडद्याजवळ वाकले. "ही आपली हीर व्हय गं? आन् ह्यो बांध."

मागून सर म्हणाले, "काका, चुकलंय तिचं. गाइडात आकार भरलेले आहेत. हिचे रिकामेच राहिलेत."

रेघेची आज्ञा वेगळी, रंग भरायची वेगळी, हे त्या माणसाला ठाऊकच नव्हतं. मला ठाऊक होतं. तरी मी "सॉरी सर" म्हणाले आणि सगळ्या आकारांत एकच निळा रंग भरला. विहीर वावरात बुडाली.

"आता काय कळंना," आप्पा म्हणाले. पुढच्या महिन्यापासून माझा क्लास बंद झाला.

पुढचं मी मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर शिकले. आज कोड लिहिण्यावरच माझं घर चालतं. सर आता म्हातारे झालेत, त्यांची कीव यायला हवी. येत नाही. पण त्यांच्याहून जास्त किळस मला माझ्या त्या "सॉरी सर"ची येते.