केसरबाईंना बघायला आलेलं गाव

धर्मापुरीच्या केसरबाई दुसरी केमो घेऊन घरी आल्या आणि गाव त्यांना बघायला लोटलं. आजाऱ्याला बघायला न जाणं म्हणजे आमच्याकडं उघड वैर. पुढारी राधाकिशनराव तर दहा कार्यकर्ते घेऊन आले आणि शिंकत शिंकत फोटो काढून गेले. "केमोनं रोगाशी लढायची ताकद कमी होते, गर्दी नको," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सून रोहिणीनं तेच सांगितलं, तर केसरबाईंच्या जाऊबाई फुगल्या. "आमी काय रोग घिऊन आलो व्हय?" म्हणाल्या, आणि खोकल्या.

आठव्या दिवशी केसरबाईंना ताप भरला. "नजर लागली, मीठमिरच्या उतरून टाका, उद्या बघू," असं सगळ्यांचं ठरलं. पण ताप आला की तडक दवाखान्यात यायचं, हे डॉक्टरांचं बोलणं बाईंच्या पक्कं ध्यानात होतं. त्या उठल्या आणि रोहिणीला घेऊन जीपमध्ये बसल्या.

पाच दिवस सलाईनवर काढून परतल्या, तर राधाकिशनराव हार घेऊन दारात हजर. नाक पुसत.

"तितंच थांबा," केसरबाई म्हणाल्या. "आता येऊ नगा. माझ्या मयतीला या, दहा काय, शंभर घिऊन या. तवा तुमची शिंक मला बाधायची न्हाई."