जाळी वर करायची नाही

लडाखच्या पोस्टिंगची ऑर्डर आली तेव्हा मी हवालदार होतो आणि आइस हॉकी कशाशी खातात हे मला ठाऊक नव्हतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या कंपनीत बहुतेक पोरं पुणे, सातारा, सांगलीकडची. बर्फ आम्ही पाहिला होता तो रसवंतीगृहात.

दिवस ठरलेला असे. सकाळी बंकरवरचा बर्फ फावड्यानं ओढायचा, स्टोव्ह पेटवायचा, हजेरी, मग गस्त. रविवारी मेसमागच्या गोठलेल्या तळ्यावर हॉकी. शेजारच्या युनिटमधल्या लडाखी जवानांनी आम्हाला उभं राहायला शिकवलं. आदल्या संध्याकाळी बादल्यांनी पाणी ओतायचं की सकाळी तळं आरशासारखं गुळगुळीत होई. कडेला फळ्या नव्हत्या, नुसता बर्फाचा बांध. चेंडूऐवजी रबराची जाड चकती असते, तिला पक म्हणतात. थंडीनं ती दगड होते.

खेळाचं सामान माझ्या ताब्यात होतं. हेल्मेटं सगळ्यांना पुरत, पण चेहऱ्यापुढची लोखंडी जाळी थोड्याच हेल्मेटांना होती, आणि तीही कुणी मागत नसे. जाळी घालणारा भित्रा, असा एकूण हिशेब होता. ती मागून घेतली फक्त नाईक सोपान गायकवाडनं.

सोपान हडपसरचा. शेतकऱ्याच्या घरचा, अंगानं दणकट, आणि स्केट्सवर असा पळायचा की लडाखी पोरंही बघत राहत. पोरं त्याला म्हणत, "गायकवाड, खुराड्यातनं अंडं दे रे!" तो हसायचा. मला म्हणाला, "उस्ताद, घरनं ऑर्डर हाय. हातपाय मोडले तर चालतील, तोंड तेवढं नेलंय तसं परत आणा म्हणलीय." घरनं म्हणजे कमल. नुकतं लग्न झालेलं. त्या ऑर्डरपुढे आमची चेष्टा काय टिकणार? पहिल्या रविवारपासून सोपाननं जाळीशिवाय बर्फावर पाय टाकला नाही.

एका रविवारी शेजारच्या युनिटशी मॅच होती. वारा सुटला होता. कमांडिंग ऑफिसर स्वतः बघायला आले होते. सोपाननं गोल केला, रेफ्रीनं शिट्टी मारली आणि सीओ साहेब खूश होऊन सरळ बर्फावर चालत आले, शाबासकी द्यायला.

सोपान सावधान झाला. आता फौजेत तुम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात की साहेब बोलत असताना तोंड झाकलेलं नसावं. मफलर खाली, मंकी कॅप वर. हे डोक्यात राहत नाही, हातात जातं. सोपाननं ग्लव्ह बगलेत दाबून काढला, हनुवटीजवळची बटणं सोडली आणि जाळी वर केली.

तळ्याच्या दुसऱ्या टोकाला वाऱ्यात शिट्टी ऐकूच गेली नव्हती. तिथे एका जवानाला एक जादा पक सापडला आणि त्यानं तो जीव खाऊन मारला. त्याचा काही दोष नव्हता. साहेबांनी बोलायला तोंड उघडलं, एवढंच मी पाहिलं. मग सोपान खाली बसला. डाव्या डोळ्यावर हात होता आणि बोटांतून रक्त येत होतं.

मी वायरलेस सेटवर गेलो.

"वन कॅज्युअल्टी. आय इंज्युरी. रिक्वेस्ट चॉपर. ओव्हर."

"वेदर क्लोज्ड. चॉपर निगेटिव्ह. मूव्ह बाय रोड. ओव्हर."

"रॉजर. मूव्हिंग."

वन टन ट्रकच्या मागच्या भागात स्ट्रेचर आणि शेजारी मी. वाटेत त्यानं एकच प्रश्न विचारला. "उस्ताद, साहेब काय म्हणले?"

"काही नाही म्हणाले रे. बोलायच्या आतच लागलं तुला."

"हात्तिच्या," सोपान म्हणाला.

डोळा गेला. पुण्याच्या लष्करी इस्पितळात काही महिने काढून तो मेडिकल बोर्डानं फौजेतून मोकळा केल्यावर घरी आला. चौकशी झाली. निष्कर्ष असा, की जवानानं संरक्षक जाळी स्वतःहून वर केली होती. ते ऐकून माझं डोकं फिरलं ते आजतागायत फिरलेलंच आहे. स्वतःहून? ज्या शिस्तीनं त्याचा हात वर गेला ती आम्हीच त्याच्या अंगात मुरवली होती. मी हे सुभेदार मेजर साहेबांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "हवालदार, बैठ जाओ." बसलो, पण मत बदललं नाही.

पुढे मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि कोथरूडला राहायला आलो. सोपान हडपसरच्या एका आयटी पार्कच्या गेटवर सिक्युरिटीला होता. सुट्टीच्या दिवशी स्वारगेटला बस बदलून आमच्याकडे यायचा. एका डोळ्यानं अंतर कळत नाही. किटलीतून चहा ओतायला गेला की निम्मा बशीत नाहीतर टेबलावर. माझी बायको शुभदा त्या वेळी मुद्दाम ओट्याकडे वळून काहीतरी करत राहायची. सोपान मात्र दर वेळी तेच म्हणायचा, "डोळा गेला ते गेला, निदान शाबासकी तरी कानावर पडायला पायजे हुती." काही वर्षांपूर्वी हृदयविकारानं गेला. त्याला गोळी लागली नव्हती, त्यामुळे त्याचं नाव कुठल्या स्मारकावर नाही.

हे सगळं आता सांगायचं कारण आमची मृणाल. माझी मुलगी, वय छत्तीस, हडपसरला सॉफ्टवेअरमध्ये. कॉलेजात असल्यापासून चाकांच्या स्केट्सवर हॉकी खेळते. ऑफिसवाले, एक शाळामास्तर, एक वकील असा त्यांचा हौशी संघ आहे. गेल्या वर्षी त्यांनी ठरवलं की हिवाळ्यात लेहला जाऊन खऱ्या बर्फावर खेळायचं. तिथली राहण्याची, सरावाची व्यवस्था माझ्या ओळखीतून होणार होती, म्हणून मला मॅनेजर केलं. मी म्हटलं, येतो. पण चेहऱ्यावर काय लावायचं ते मी ठरवणार. मान्य नसेल तर तुमचं तुम्ही बघा.

मान्य नव्हतंच. रविवारी सगळे आमच्या हॉलमध्ये जमले. जेवणाच्या टेबलावर डोळ्यांपुरती काच असलेला अर्धा व्हायजर, पूर्ण चेहऱ्याची पारदर्शक शील्ड आणि लोखंडी जाळी मांडली होती. वकील महाशयांनी क्रिकेटचं हेल्मेट आणलं होतं, घरात होतंच म्हणून. मी हॉकी स्टिकचं टोक त्याच्या जाळीतून अलगद आत घातलं आणि त्यांच्या नाकाला टेकवलं. ते हेल्मेट त्यांनी मुकाट्यानं पिशवीत ठेवलं.

खरा वाद घातला कौस्तुभनं. संघातला सगळ्यांत वेगवान खेळाडू, आणि त्याला अर्धा व्हायजरच हवा होता.

"काका, मोठे प्रोफेशनल्स पण हाफच घालतात. जाळीतून नीट दिसत नाही. आणि आपण फ्रेंडली खेळतोय, कोण एवढं जोरात मारणार आहे?"

"प्रोफेशनल माणसाला आपली स्टिक कुठे जाणार ते माहीत असतं. तुमची स्टिक कुठे जाते ते तुम्हाला मारून झाल्यावर कळतं. आणि खालचे दात काय दुसऱ्याचे आहेत?"

"मग शील्ड घेऊ. पूर्ण चेहरा झाकतो, दिसतंही स्वच्छ."

मी शील्ड उचलली आणि स्वयंपाकघरात जाऊन फ्रीजरमध्ये ठेवली.

"अहो, तिथे मटार आहेत!" शुभदा म्हणाली.

"मटार सरकतील."

चहा होईपर्यंत शील्ड गार पडली. मी ती कौस्तुभला हेल्मेटवर लावायला दिली आणि म्हटलं, आता पोहे कसे करतात ते सांगा. कांदा चिरेपर्यंत काच पांढरी झाली. फोडणीला पोचला तेव्हा त्यानं अगदी सहज हात वर नेला आणि शील्ड उचलली.

"बस," मी म्हटलं. "हेच बघायचं होतं."

तेव्हा मी त्यांना सोपानची गोष्ट सांगितली. मृणालला ती पाठ होती, तरी तीही मान खाली घालून ऐकत राहिली. मग माझं म्हणणं मांडलं. वाफ न धरणाऱ्या शील्ड मिळतात, त्यांचा लेप नीट राखला तर चालतातही. पण थंडीत, दमलेल्या माणसाच्या श्वासापुढे तो लेप किती टिकेल याची हमी मी देणार नाही. जी वस्तू खेळताना वर करावीशी वाटते ती आपल्या कामाची नाही. जाळीतून वारा जातो, वाफ धरत नाही, आणि तिच्या सळ्या चार दिवसांत डोळ्यांना दिसेनाशा होतात. जाळी त्याच हेल्मेटसाठी बनवलेली हवी. हनुवटी जाळीच्या तळाशी असलेल्या कपात पक्की बसली पाहिजे, त्यामुळे आत जाड मंकी कॅप नको. पट्टे दोन्ही बाजूंनी लावायचे. सळी वाकली की जाळी बदलायची, पकडीनं सरळ करायची नाही. दातांत गार्ड वेगळा. आणि खेळायच्या जागेत पाय आहे तोवर जाळी वर करायची नाही, समोर कोणीही असो.

"कोणीही म्हणजे?" कौस्तुभनं विचारलं.

"राष्ट्रपती आले तरी."

तो हसला. पण जाळी घेऊन गेला.

लेहला निघण्याआधी संघानं पुण्यातच चाकांवर एक प्रदर्शनी मॅच ठेवली. प्रमुख पाहुणे म्हणून एक निवृत्त कर्नल साहेब आले होते. कमल वहिनींना मी मुद्दाम बोलावलं होतं. त्या नऊवारी सावरत पहिल्या रांगेत, शुभदाशेजारी बसल्या.

मध्यांतराची शिट्टी झाली आणि कर्नल साहेब कडेच्या फळ्यांतलं दार उघडून थेट रिंकमध्ये, खेळायच्या जागेत, उतरले. मागे फोटोग्राफर. आमचा संघ रांगेत उभा राहिला. दुसऱ्या टोकाला विरोधी संघाचे दोन खेळाडू अजून गोलवर पक मारतच होते.

"वेल प्लेड! त्या जाळ्या वर करा, चेहरे तरी बघू दे," साहेब म्हणाले.

कौस्तुभचा हात पट्ट्याकडे गेला. चांगल्या घरचा मुलगा, मोठ्या माणसाचा शब्द मोडवत नाही. त्याच्या शेजारी माझी मृणाल उभी होती. मी रिंकमध्ये शिरलो.

"नाही, सर. रिंकमध्ये जाळी वर होत नाही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "सुभेदार साहेब, मी सांगतोय."

"हो, सर. तरी नाही."

आयुष्यभर मी ऑफिसरला नाही म्हटलं नव्हतं. कौस्तुभचा हात खाली आला. रांगेतली एकही जाळी हलली नाही.

"कुणाची ऑर्डर आहे ही?"

"नाईक सोपान गायकवाड, सर."

"कुठे आहे तो?"

"आता नाही, सर. लडाखला सीओ साहेबांसमोर जाळी वर केली होती त्यानं. डोळा गेला."

दुसऱ्या टोकाला एक पक फळीवर आदळला. फोटोग्राफर दचकून मागे सरला. कर्नल साहेबांनी तिकडे पाहिलं, मग रांगेकडे. ते वळले आणि दारातून बाहेर जाऊन उभे राहिले. त्यांच्यामागून संघ एकेक करून बाहेर आला. सगळ्यांत शेवटी मी, आणि दार लावून घेतलं.

मग बटणं सुटली. घामेजलेले, लाल झालेले चेहरे, सगळ्यांचे दोन्ही डोळे जागेवर. साहेब प्रत्येकासमोर थांबले, हात मिळवला. शेवटी माझ्यासमोर आले आणि म्हणाले, "शाब्बास."

कमल वहिनी रांगेतून उठून आल्या होत्या. गर्दीत त्यांना नीट ऐकू आलं नव्हतं.

"काय म्हणले साहेब?" त्यांनी विचारलं.

"शाब्बास म्हणाले, वहिनी."

त्यांनी पदर ओठांवर धरला. मग म्हणाल्या, "मग पोचलं म्हना त्यास्नी."