झीलकरी

देवावर माझा राग नव्हता असं म्हटलं तर ते खोटं होईल. आमच्या यांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला, तेवढं मी सोसलं. पण वाचा गेली ते काही मला सोसवेना. ज्या माणसाने पोरवयात तुझी भजनं म्हणून घसा सुकवला, त्याचीच जीभ तुला सापडली का, असं मी देवघरासमोर उभी राहून विचारायची. यांना समजायचं सगळं, डोळ्यांत दिसायचं ते. तोंडून मात्र ‘ते, ते’ एवढंच यायचं. लग्न झाल्यापासून यांनी मला ‘अगं’ अशीच हाक मारली. तीही गेली होती. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत मीच बोलायची आणि मीच उत्तर द्यायची.

माझा स्वभाव मुळातच उतावळा. दूध तापेपर्यंतसुद्धा मला एका जागी उभं राहवत नाही. त्यात डॉक्टर म्हणाले होते की वाचा यायची असेल तर सुरुवातीच्या महिन्यांत येते, पुढे अवघड होत जातं. झालं, ते महिने माझ्या मानगुटीवर बसले. बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाई घरी यायच्या, चित्रं दाखवायच्या आणि ‘काकू, त्यांना वेळ द्या’ असं बजावून जायच्या. त्यांची पाठ वळली की मी यांच्यापुढे कप धरायची आणि म्हणायची, ‘हे काय? म्हणा.’ यांचे ओठ हलायच्या आत ‘कप, अहो कप’ म्हणून मीच मोकळी.

मग माझ्या मनाने घेतलं की तरुणपणी जे आवडायचं ते यांच्या कानावर घालावं. माळ्यावरची पेटी खाली काढली. तिच्यात यांच्या रहस्यकथा होत्या, कोपरे दुमडलेल्या, पिवळ्या पडलेल्या. त्यांच्यापायी हे जेवायचं विसरायचे असं सासूबाई सांगायच्या. मी मोठ्याने वाचायला बसले. पण खून कोणी केला ते कळेपर्यंत मला कुठला धीर! मधली पानं गाळून मी सरळ शेवट वाचून टाकला. हे भिंतीकडे तोंड करून झोपले.

पुस्तकं झाली, आता भजनाच्या कॅसेटी. टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल होऊन आवाज रडका झाला होता, तो दुरुस्त करून आणला. हे मूळचे बार्शीकडचे. नोकरीसाठी सोलापुरात येईपर्यंत गावच्या भजनी मंडळात होते. पुढे बसून गाणारे नव्हेत, झीलकरी. म्हणजे बुवांनी ओळ अर्धी सोडली की मागून ती उचलून पुरी करणारे. पुढे कधी बसलेच नाहीत, आणि त्याचं त्यांना काही वाटलंही नाही. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मी कॅसेटी लावायची आणि यांच्या तोंडाकडे बघत बसायची. एक दिवस यांनी डाव्या हाताने टेप बंद केला आणि माझ्याकडे असं बघितलं, की पुन्हा लावू नकोस. माझ्या जिवाला फार लागलं. हेही नको झालं, तर आता उरलं काय?

शेवटी म्हटलं, बार्शीला जाऊन भगवंताच्या पायावर यांना घालावं. पुण्याची लेक फोनवर ओरडली, ‘आई, बाबांना बसने नेतेस?’ पण मी कोणाचं ऐकते थोडीच. निघालो. वैरागच्या अलीकडे बसचं चाक पंक्चर झालं आणि सगळे खाली उतरले. माझा नुसता जळफळाट. देवाच्या दारी जातानाही वाट अडावी म्हणजे काय. यांना लिंबाखालच्या दगडावर बसवलं आणि मी ड्रायव्हरच्या मागे लागले, किती वेळ, किती वेळ. तो बिचारा घामाघूम होऊन जॅक फिरवत राहिला.

परत आले तर यांच्या शेजारी एक म्हातारी येऊन टेकली होती. हातात कापडाचं गाठोडं, कपाळावर बुक्का. आमच्या बसमधली नव्हती, शेजारच्या पाणंदीने आली असावी. हलक्या हाताने टाळ्या वाजवत ती स्वतःशीच म्हणत होती, ‘उशीर झाला यायाला देवा...’

मी जागच्या जागी थांबले. हे भजन यांच्या गावच्या बुवांनी रचलेलं. कुठल्या पुस्तकात नाही, कॅसेटवर नाही. मी ते फक्त यांच्या तोंडून ऐकलं होतं, आंघोळीच्या वेळी, पहिली अर्धी ओळ तोंडातल्या तोंडात आणि मागची मोठ्याने: ‘दार लावू नको.’ म्हातारी पहिली अर्धी म्हणायची आणि थांबायची. माझ्या तर ओठावर आलंच होतं. तेवढ्यात ती यांच्याकडे वळून म्हणाली, ‘पावनं, धरा की मागनं. एकटीला म्हनाया जमंना.’

मी म्हटलं, ‘आजी, यांना बोलता येत नाही हो.’

‘बोलाया कोन सांगतंय?’ ती म्हणाली. ‘मागनं धरा म्हनतीया.’

आणि पुन्हा, ‘उशीर झाला यायाला देवा...’ ओळ सोडून ती गप्प. टाळी तेवढी चालू. यांचा डावा हात मांडीवर ठेका धरत होता. ती शांतता मला खायला उठली. पुढचे शब्द मला येत होते, म्हणून टाकावेत असं आतून उकळत होतं. का कोण जाणे, मी पदराचा बोळा तोंडाशी धरला. म्हातारीला काही घाई नव्हती. कोणी उत्तर देणारच असल्यासारखी ती बसली होती.

‘दार लावू नको.’

आवाज जाड, जिभेला अडखळत आलेला, पण शब्द अख्खे. आणि सुरात. म्हातारीने मान डोलावून पुढची ओळ सोडली. यांनी तीही धरली. मी तिथेच मातीत फतकल मारून बसले आणि रडले.

चाक बसलं, ड्रायव्हरने हाक मारली. यांना चढवून मी मागे बघितलं तर म्हातारी गाठोडं काखेत मारून शेताच्या बांधाने निघाली होती. तिचं नाव, गाव, काही विचारायचं सुचलं नाही. बार्शीला भगवंतापुढे उभी राहिले तेव्हा मागायचं काय होतं तेच आठवेना, नुसते हात जोडले.

बोलण्याच्या बाई नंतर म्हणाल्या, असं होतं, बोलणं गेलं तरी गाणं कधी कधी शाबूत राहतं. असेल, मी कशाला नाही म्हणू. पण ती अर्धी ओळ घेऊन तिथे कोणी यावं, आणि नेमकं तिथेच आमचं चाक पंक्चर व्हावं, याबद्दल मी कोणाशी वाद घालत नाही. मला कळलं ते इतकंच, की टेपमधला बुवा पुढचंही म्हणत होता आणि मागचंही. मीही घरात तेच करत होते. यांनी यायचं कुठून?

आता चहा ठेवताना मी म्हणते, ‘साखर...’ आणि ओठ मिटून उभी राहते. दूध उतू गेलं तरी चालेल. बऱ्याच वेळाने मागून येतं, ‘कमी.’ कधी येतही नाही. रोजचं बोलणं अजून तुटकच आहे, पण देवाशी माझं भांडण मिटलंय. मी माझी अर्धी ओळ म्हणते, बाकीची त्याची.

परवा संध्याकाळी दिवा लावला आणि भजन म्हणायला बसले, तर माझेच डोळे भरून आले. शब्द फुटेना. मागे हे बसले होते, डाव्या हाताने ठेका धरून, माझी ओळ यायची वाट बघत.  मग ठेका थांबला.

‘अगं,’ मागून आलं, ‘म्हण की.’

मी डोळे पुसले, ओळ म्हटली, आणि अर्ध्यावर सोडून दिली.