तारीख कोण बदलतं?

गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी साडेदहा वाजता वीज गेली. अकराला ती परत आली, तेव्हा आमच्या वर्तमानपत्राच्या धुळे कार्यालयातल्या कॉम्प्युटरचा पंखा पूर्ण वेगाने फिरू लागला. पुढच्या मंगळवारीही तो तसाच फिरत होता आणि त्याच्या पुढच्या मंगळवारी दुपारपर्यंतही. त्या मंगळवारी दुपारी नाना आले.

नाना सोनगीरचे. वय सत्तरच्या आसपास. तीस वर्षे विहिरीवरच्या मोटारी रिवाइंड केल्या, नंतर कॉम्प्युटर दुरुस्त करू लागले. त्यांच्या दुकानाला पाटी नव्हती, त्यामुळे बहुतेकांना त्यांचे पूर्ण नाव माहीत नव्हते. मलाही ते उशिरा कळले.

येताच स्क्रू खोलायला बसणारे मेकॅनिक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. नाना आले की स्टुलावर बसत, पेचकस शर्टाच्या खिशात ठेवत आणि हाताची घडी घालत. मग अहिराणीत म्हणत, "पहिले बठ्ठं सांगा," म्हणजे आधी सगळं सांगा. त्या मशीनला हात लावणाऱ्या प्रत्येकाने बोलून झाल्याशिवाय ते झाकण उघडत नसत. कोणी घाई केली, तर घडी आणखी घट्ट होई.

जामनेरच्या एका कापूस व्यापाऱ्याकडचा प्रसंग मी पाहिला आहे. तिथला पंखा घरघरत होता. व्यापाऱ्याने सांगितले, मुनीमाने सांगितले, काही निघाले नाही. नानांनी घरातून मालकीणबाईंना बोलावण्याची विनंती केली. बाईंनी दिवाळीत कॉम्प्युटरला क्रोशाचे झालरवाले कव्हर घातले होते आणि मागच्या बाजूने झालरीचे चार दोरे कमी झाले होते. ते आत पंख्याला गुंडाळलेले सापडले. नाना एवढेच म्हणाले, "मशीननं लगीन शे का, बाई?" म्हणजे मशीनचं लग्न आहे का. बाई हसल्या. कव्हर मिक्सरवर गेले.

आमच्याकडे मात्र हसण्यासारखी स्थिती नव्हती. ते मशीन जुने होते. आमचे जुने टायपिंगचे सॉफ्टवेअर फक्त त्याच्यावर चाले, आणि ते सॉफ्टवेअर फक्त अक्का चालवत. अक्का म्हणजे आमच्या ऑपरेटर, निवृत्तीला दोन वर्षे राहिलेल्या. आधी आलेल्या एका मेकॅनिकने पंखा बदलला. दुसऱ्याने ब्लोअरने धूळ काढली. नवा पंखा जुन्याहून जोरात ओरडू लागला. जळगावच्या मुख्य कार्यालयाने कळवले की बुधवारपर्यंत दुरुस्त झाले नाही तर मशीन भंगारात जाईल, धुळ्याची पाने जळगावात लागतील आणि अक्कांनी तिथे रुजू व्हावे.

अक्कांचे यजमान पक्षाघाताने अंथरुणावर होते. त्यांना भरवायला त्या रोज दुपारी एक वाजता घरी जात. घर कार्यालयापासून दहा मिनिटांवर होते. जळगाव दोन तासांवर.

नानांनी माझ्यापासून सुरुवात केली. मी कार्यालयाचा प्रमुख या नात्याने सगळे काही दोन वाक्यांत सांगितले आणि आता उघडा, असे सुचवले.

"साहेब, तुम्ही एकाच माणसाचं ऐकून बातमी छापता का?" नाना म्हणाले.

मी बाकीच्यांना बोलावले. जाहिरात विभागाचे झाले, वार्ताहरांचे झाले. अक्का शेवटी होत्या. अकरा दिवस आपल्याच मशीनबद्दल सगळे बोलत असल्याने त्या आधीच आखडल्या होत्या. आपण काहीही केलेले नाही, असे त्यांनी लगेच सांगून टाकले.

"अक्का, मी चूक विचारत नाही. रोज सकाळी काय करता, ते सांगा."

अक्कांनी सांगितले. हात धुते. मशीन चालू करते. काळ्या पडद्यावर दोन ओळी येतात, एफ-वन दाबलं की जातात. तारीख बदलते. मग पान उघडते.

नानांनी हाताची घडी सोडली. "तारीख कोण बदलतं?"

"मीच. रोज बदलावीच लागते ना."

"पानावरची का मशीनची?"

"दोन्ही."

हे दोन महिने चालले होते आणि आम्हा कोणालाही त्यात काही वावगे वाटले नव्हते. वर्तमानपत्रात सकाळी समोर जुनी तारीख असणे हा बिघाड नसतो. ती बदलणे हे दिवसाचे पहिले काम असते. अक्का ते चोख करत होत्या. त्या दोन ओळींतून मशीन आपली तारीख विसरत असल्याचे सांगत होते, आणि आम्ही ती तारीख रोज दुरुस्त करून पुढे जात होतो.

नाना बराच वेळ हसले. "छापखान्याची माणसं," असे काहीसे ते पुटपुटले.

आत मनगटी घड्याळात असतो तसा गोल सेल असतो. वीज नसताना मशीनची तारीख आणि पंख्याची सेटिंग तो सांभाळतो. आधी तारीख गेली, आणि त्या शनिवारी वीज गेल्यावर सेटिंगही गेली. तेव्हापासून पंखा एकाच वेगावर होता, पूर्ण. नानांनी सेल बदलला, पंख्याचा वेग पुन्हा उष्णतेप्रमाणे ठरेल असे केले. विचारपूस चाळीस मिनिटे चालली होती. दुरुस्तीला सहा लागली.

पंखा मंदावला, तेव्हा भिंतीवरचे घड्याळ ऐकू आले. अक्कांनी घरी फोन लावला आणि पंखा चालू असताना बोलत तशाच मोठ्या आवाजात जळगावला जायचे नसल्याचे सांगितले. पलीकडून यजमानांनी काहीतरी विचारले. अक्का एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "ओरडत नाहीये हो. सवय लागली होती."

निघताना नानांनी झाकणावर कागदाची पट्टी चिकटवली. तिच्यावर लिहिले होते : 'तारीख चुकली तर बदलू नका. सांगा.'

नाना या जानेवारीत सोनगीरला वारले. त्यांचे पूर्ण नाव मी आमच्याच अंकातल्या निधनवार्तेत वाचले. ती अक्कांनी टाइप केली होती. पाठवण्याआधी त्यांनी नानांच्या घरच्या तिघांना फोन करून मजकूर पडताळून घेतला होता.

गेल्या शनिवारी धुळ्यात दोन तास वीज नव्हती. परत आल्यावर पंखा काही सेकंद जोरात फिरला आणि मंदावला. अक्कांनी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली. बरोबर होती. मग त्यांनी पानावरची बदलली.